छतावर चढलेला नवरदेव आणि माझी चार पानं

विम्याच्या माणसाला चांगल्या प्रसंगी कुणी बोलावत नाही. बारसं, मुंज, वास्तुशांत असली की आम्ही कुणाच्या लक्षातही नसतो. गोदाम पेटलं, ट्रक नाल्यात गेला, की मात्र साहेब कुठे आहेत, साहेबांना बोलवा. नोकरीत मला हजारो माणसं भेटली, पण बहुतेक सगळी नुकतीच कुठेतरी आपटलेली. त्यामुळे माणसाच्या स्वभावाबद्दल माझं मत फारसं बरं नाही, आणि त्याला मी जबाबदार नाही.

आधी एक खुलासा. मी आयुर्विम्याचा नव्हे. जयपूरला बदली होऊन गेलो तेव्हा आयुष्याचा विमा सरकारनं नुकताच आपल्याकडे घेतला होता, आणि चांदपोलजवळ आम्ही राहायचो तिथले शेजारी मला पाहिलं की तब्येत उत्तम असल्याचं आधीच सांगून टाकायचे. मी मोटारी, गोदामं, मालाची ने-आण यांचा विमा उतरवणाऱ्या एका खाजगी कंपनीचा शाखाधिकारी होतो. शाखा म्हणजे एका कापडदुकानावरची दीड खोली. मी, एक टंकलेखक आणि एक शिपाई. नुकसान झालं की पाहणी करायला मीच जायचो, अहवाल मीच लिहायचो, आणि तो मुंबईच्या मुख्य कचेरीत गेला की उत्तराची वाटही मीच बघायचो. यातलं वाट बघणं हे खरं काम. बाकीचं जाता जाता होत असे.

आमच्या धंद्यातला एक नियम बाहेरच्यांना ठाऊक नसतो. गाडी आपटली की मुख्य कचेरीची मंजुरी येईपर्यंत तिला हात लावायचा नाही. जशी मोडली तशी ठेवायची. उद्या मुंबईहून कुणी साहेब उगवला आणि म्हणाला, दाखवा नुकसान, तर ते दाखवता आलं पाहिजे. नियम वाचायला सोपा आहे. ज्याचं पोट त्या गाडीवर आहे त्याला तो तोंडावर सांगावा लागतो, तेव्हा कळतो.

भँवरलालजींना तो मी सांगितला.

भँवरलालजी चाळिशीचे, सडपातळ, केशरी साफा आणि कमालीचे कमी शब्द. एका ठाकुरांकडे ते मोटार हाकायचे. जहागिरी गेल्या, ठाकुरसाहेबांचा पेट्रोलचा खर्च झेपेना, तेव्हा त्यांनी ती लांबलचक हिरवी अमेरिकन गाडी हप्त्यांनी भँवरलालजींनाच देऊन टाकली. हे गृहस्थ ती भाड्यानं चालवत. उन्हाळ्यात लग्नं, थंडीत गोरे प्रवासी. गाडीत बसायला गेलं की स्वतः धावत फिरून यायचे आणि दार उघडून धरायचे. उतरताना तसंच. मला त्या अदबीचं फार कौतुक वाटायचं. हे लक्षात ठेवा.

तर अक्षय्य तृतीया. जयपुरात त्या दिवशी इतकी लग्नं असतात की एका वरातीतली माणसं दुसरीत जेवून येतात. जौहरी बाजारातल्या एका सेठजींच्या मुलाचं लग्न होतं आणि वऱ्हाडाच्या पाहुण्यांसाठी ही हिरवी गाडी ठरली होती. तिकडची रीत अशी की नवरीच्या दारावर लाकडी तोरण टांगतात, त्यावर रंगवलेले पोपट बसवलेले असतात, आणि बींद, म्हणजे आपला नवरदेव, घोडीवर बसून येतो आणि तलवारीनं त्या तोरणाला स्पर्श करतो. मगच आत पाऊल टाकायचं. बाकी सगळं मागेपुढे झालं तरी चालेल, हे चुकून चालत नाही.

आता हा बींद घोड्याला भीत होता. लहानपणी टांग्याच्या घोड्यानं त्याचा खांदा दातांत धरला होता म्हणे. घरातून निघताना चार जणांनी धरून त्याला घोडीवर ठेवलं, फोटो काढला आणि गल्लीच्या वळणावर लगेच उतरवलं. तिथून तो हिरव्या गाडीत बसून आला. सासऱ्याच्या दाराशी पुन्हा घोडी पुढे आणली, तर तिनं मान हलवली आणि यानं गाडीचं दार घट्ट धरून ठेवलं. वाजंत्री थांबली. मुहूर्त टळायला आला. तेव्हा पंडितजींना विचारलं, आणि पंडितजी व्यवहारी निघाले. म्हणाले, उंचीवरून तलवार लागली म्हणजे झालं, खाली घोडी आहे की आणखी काही, हे कोण बघतो.

मग बींद बॉनेटवर चढला. तिथून तलवार पुरेना. मग छतावर चढला. बींद सराफाच्या घरचा, तुपावर वाढलेला. त्यातून अंगावर शेरवानी, शेला, हार. त्यानं तलवार उचलली, तोरणाला लावली, बायकांनी वरून फुलं टाकली, आणि छत खाली बसलं. बींद पुढच्या काचेवरून घसरत बॉनेटवर आला, काच फुटली, बॉनेटला खळगा पडला, आणि महाराज तलवारीसकट सासऱ्याच्या पायाशी उभे राहिले. लग्न थाटात लागलं. गाडी मात्र तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी पाहणीला गेलो. गाडी भँवरलालजींच्या घराशेजारच्या नोहऱ्यात, म्हणजे गुरांच्या मोकळ्या आवारात, निंबाखाली आणून ठेवली होती. मी सगळं टिपून घेतलं, बिनधास्त म्हणालो की महिन्याभरात मंजुरी येईल, आणि बजावलं, तोवर हात लावायचा नाही. त्यांनी मान डोलावली. जाताना त्यांनी एवढंच सांगितलं की एका राजवाड्याचं नवं हॉटेल झालंय, तिथल्या मॅनेजरनं दसऱ्यापर्यंत एक जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे. हॉटेलच्या दारात गाडी कायम उभी, रोजचे गोरे प्रवासी, वर्षभराची चिंता नाही. दसऱ्याला गाडी तयार हवी. मी हसलो. म्हटलं, दसरा? अहो, पाच महिने आहेत.

त्या वेळी मी सरळ दोन ओळी लिहायला हव्या होत्या. प्रवासी गाडीच्या छतावर पडला, छत दबलं, काच फुटली. संपलं. हजार वेळा असले दावे मंजूर झालेत. पण मी सांगलीचा, इंग्रजीत बक्षीस मिळवलेला, आणि जयपुरात ते इंग्रजी वापरायला संधी मिळत नव्हती. मी चार पानं लिहिली. तोरणाची रीत, पोपटांचा रंग, घोडीचं महत्त्व, बींदाची बालपणची भीती, पंडितजींचा निर्णय. वाहन हे या प्रसंगी 'घोडीच्या जागी' वापरण्यात आले, असं एक वाक्य होतं, ते मी टंकलेखकाला मोठ्यानं वाचून दाखवलं. इतका खूष होतो मी.

दीड महिन्यानं मुंबईहून पत्र आलं. दावे विभागाचे आगटेसाहेब. हा मनुष्य मी जन्मात पाहिला नाही, पण त्याच्या सहीचा लफ्फा अजून ओळखीन. त्यांनी लिहिलं होतं की अहवालात तलवारीचा उल्लेख आहे. दंगलीत झालेलं नुकसान पॉलिसीत बसत नाही. तरी त्या दिवशी तिथे दंगल नव्हती असा पोलिसांचा दाखला पाठवावा. मी ठाण्यात गेलो. फौजदारानं मला दोनदा सगळं सांगायला लावलं, मग आणखी दोन शिपायांना बोलावून तिसऱ्यांदा सांगायला लावलं, आणि पोट धरून हसत दाखला दिला.

श्रावणात दुसरं पत्र. वाहन जनावराच्या जागी वापरण्यात आल्याचं आपण लिहिता. असा वापर विमा उतरवताना जाहीर केला होता काय? मी ते घरी नेऊन इंदूला, माझ्या पत्नीला, वाचून दाखवलं. तिनं आधी माझी चार पानं मागितली. भाजी निवडता निवडता वाचली आणि म्हणाली, "अहो, हा अहवाल आहे की कीर्तन?" मी चिडलो. ती बरोबर बोलत होती म्हणून जास्त चिडलो.

या सगळ्या काळात दर गुरुवारी भँवरलालजी कचेरीत येत. दाराशी जोडे काढत, बाकावर बसत, शिपायानं दिलेलं पाणी पीत, आणि माझं हातातलं काम संपलं की एकच प्रश्न विचारत.

"साहब, हाथ लगा लूँ?"

आणि मी म्हणायचो, अभी नहीं भँवरलालजी. ते मान डोलावून उठत. कधी आवाज चढवला नाही, कधी दोष दिला नाही. शिव्या घालणारे दावेदार मला चालायचे. त्यांना नियम दाखवला की मी मोकळा. या माणसापुढे मला नियम दाखवायचीही लाज वाटू लागली. भाद्रपदात एकदा ते गेल्यावर मी खिडकीतून पाहिलं, तर खाली एक टांगा उभा होता आणि भँवरलालजी त्यावर चढून लगाम हातात घेत होते. भाड्याचा टांगा. ज्या गाडीनं बींदाला घोडीपासून वाचवलं, तिचा मालक पोटासाठी घोडा हाकत होता.

तिसरं पत्र तेव्हाच आलं. छतावर चढलेल्या गृहस्थांचा सहीनिशी जबाब पाठवावा.

मी जौहरी बाजारात सेठजींच्या पेढीवर गेलो. पांढऱ्या गादीवर बसवलं, कचोरी मागवली, घरच्यांची विचारपूस झाली. मी कामाचं बोललो तशी सेठजींनी नोकरांना बाहेर घालवलं. त्यांचा मुलगा घोडीवरच गेला होता, असं ते शांतपणे म्हणाले. फोटो आहे, बघून घ्या. पाहुण्यांना विचारा. मी विचारलंही होतं. अख्ख्या चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, त्या लग्नाला गेलेला एकही इसम छतावर कुणी चढल्याचं मान्य करत नव्हता, आणि हे सगळे पाहुणे महिनाभर तीच गोष्ट सांगून हसत होते. कागदावर यायचं म्हटल्यावर सगळ्यांना घोडी आठवली. बींदाच्या धाकट्या भावाची सोयरीक ठरत होती. घरातला मुलगा घोडीला भितो हे लिहून द्यायला सेठजी वेडे नव्हते.

मग ते थोडे पुढे सरकले आणि म्हणाले, ते चार पानांचे कागद मुंबईहून मागवून फाडून टाका, दावा मागे घ्या. गाडी मी नवी करून देतो. आठ दिवसांत.

आता लाज वाटते ते सांगतो. मी ताठ झालो. म्हणालो, सेठजी, आमची कंपनी आहे, ती देईल, दान नको. दान कुणाला नको होतं? मला. गाडी माझी नव्हती, पोट माझं नव्हतं, दसरा माझा नव्हता. माझी होती ती चार पानं, आणि ती मला फाडायची नव्हती. कचोरी अर्धी टाकून मी उठलो. त्या गुरुवारी भँवरलालजी आले तेव्हा मी यातलं अवाक्षर बोललो नाही. अभी नहीं, म्हणालो.

दसरा आला. हॉटेलच्या मॅनेजरनं सकाळी जागा दुसऱ्या गाडीला दिली. त्यानं शब्द पाळला होता, दसऱ्यापर्यंत थांबला होता. त्या दिवशी शहरभर मोटारींना झेंडूच्या माळा होत्या. मी मुद्दाम नोहऱ्यावरून गेलो. दबलेल्या छताच्या हिरव्या गाडीलाही माळ घातली होती, टिळा लावला होता. मी आत गेलो नाही.

आठवड्यानंतर भर दुपारी कचेरीत एक गोलमटोल तरुण आला. बींद. जौहरी बाजारात त्यानं भँवरलालजींना टांगा हाकताना पाहिलं होतं. थांबवून विचारावं असं वाटलं, पण मध्ये घोडा होता म्हणाला, आणि स्वतःच कसनुसा हसला. मग त्यानं कागद मागितला आणि हिंदीत स्वतःच्या हातानं लिहिलं की मला घोड्याची भीती वाटते, मी छतावर चढलो, छत माझ्या वजनानं बसलं. सही केली. अट एकच, हा कागद जयपुरात कुणाला दिसता कामा नये. वडिलांना न विचारता आला होता. त्या पोराला मी मनातल्या मनात मुजरा केला. इतक्या वर्षांनी त्याची अट मोडतो आहे, पण नाव सांगत नाही, आणि मराठीत छापलेलं जौहरी बाजारात कोण वाचायला बसलंय.

जबाबासोबत मी नवा अहवाल पाठवला. दोन ओळींचा. दिवाळीनंतर चौथ्या दिवशी मंजुरी आली. आगटेसाहेबांनी लिहिलं होतं की असाच सुटसुटीत अहवाल आधी आला असता तर विलंब टळला असता. ते पत्र मी फायलीत लावलं नाही. घरी आणलं, आणि इंदूला दाखवायची हिंमत झाली नाही म्हणून पेटीच्या तळाशी ठेवलं.

त्या गुरुवारी भँवरलालजींनी विचारायच्या आधीच मी म्हटलं, हाथ लगा लो. त्यांनी साफ्याच्या शेवानं डोळे टिपले आणि निघाले. मला काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून पाठीमागून ओरडलो की छताखाली लोखंडी पट्ट्या टाकून घ्या, पुढचा नवरदेव चढला तर. मी थट्टेत बोललो होतो. त्यांनी खरोखरच टाकल्या.

आणि इथे मोठी गंमत झाली. शहरात घोडीला भिणारे नवरदेव एक नव्हे, ढीगभर होते. कुणी बोलत नव्हतं इतकंच. हिरव्या गाडीचं छत पक्कं आहे ही बातमी कानोकानी गेली आणि लग्नसराईत भँवरलालजींना श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. हॉटेलची जागा मिळाली असती तर वर्षभर घर चाललं असतं. हे काम दोन-तीन महिन्यांचं. बाकी महिने ओढाताणच. पण टांगा सुटला. विम्याचं नूतनीकरण करताना वाहनाचा वापर या रकान्यात मी दर वर्षी एकच शब्द लिहीत असे, प्रवासी. बसलेले की उभे, हे आगटेसाहेबांनी विचारलं नाही.

सहा-सात वर्षांनी माझी बदली नागपूरला झाली. इंदू आणि मुलं आधीच गेली होती. स्टेशनवर सोडायला भँवरलालजी हिरवी गाडी घेऊन आले. मी पुढे, त्यांच्या शेजारी बसलो. दार नेहमीप्रमाणे त्यांनीच उघडलं. सामान मागे. स्टेशनपर्यंत जेमतेम दहा मिनिटं, आणि मला दोन गोष्टी सांगायच्या होत्या.

पहिली सांगितली. उशीर मुंबईनं नव्हे, मी केला. दोन ओळींच्या जागी चार पानं लिहिली. चेहराच उजळला त्यांचा. "चार पन्ने? मेरी गाड़ी पर?" ठाकुरसाहेबांच्या वेळीही या गाडीवर कुणी इतकं लिहिलं नव्हतं म्हणाले. माफी मागायला निघालो होतो आणि इथे माझं कौतुक चाललेलं. मी घाईनं दुसरी सांगून टाकली. सेठजी गाडी नवी करून देत होते, मी परस्पर नाही म्हटलं, आणि तुम्हाला कळवलंसुद्धा नाही.

"पता है, साहब," ते म्हणाले. त्याच संध्याकाळी सेठजी त्यांच्याकडेही गेले होते. त्यांनीही नाही सांगितलं. का, असं मी विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही. "आपने मना किया था ना."

इतके गुरुवार हे सगळं ठाऊक असताना हा माणूस माझ्यासमोर बसून पाणी पीत होता. मला तिथे थांबवेना. गाडी स्टेशनच्या दाराशी उभी राहताच मी स्वतःच दाराचा खटका ओढला. उघडेना. पुन्हा ओढला, खांदा लावला. दार जागचं हललं नाही.

भँवरलालजी खाली उतरले, धावत फिरून माझ्या बाजूला आले, बाहेरून एक हिसका देऊन त्यांनी दार उघडलं आणि धरून उभे राहिले, गेली सहा-सात वर्षं राहत आले तसेच. हे कधीपासून असं, मी विचारलं.

"तोरण के दिन से, साहब. आपने लिखा नहीं था, तो मैंने हाथ नहीं लगाया."